दोन ‘अब’ आले कुठून?

सातवी-आठवीच्या उत्तरपत्रिकांत एक चूक पिढ्यान्‌पिढ्या भेटत आली आहे. (अ + ब)² चा विस्तार अ² + ब² असा लिहिला जातो आणि मधले २अब हरवते. सूत्र पाठ झालेले असते, उमगलेले नसते. अशाच वळणावर अनेक मुले ‘गणित हा आपला प्रांत नव्हे’ अशी समजूत करून घेतात.

ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात विकसित केलेली ‘जिओजेब्रा’ ही संगणक प्रणाली शाळांना विनामूल्य वापरता येते. तिच्या साह्याने पडद्यावर (अ + ब) बाजूचा चौरस काढावा. त्यात अ² आणि ब² हे दोन चौरस दिसतात. उरलेली जागा दोन समान आयत व्यापतात. विद्यार्थ्याने अ आणि ब यांच्या किमती कमी-जास्त केल्या, की आकार बदलतात. आयत मात्र दोनच राहतात. हरवलेले २अब तेथे सापडते.

अमूर्ताला रूप देण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांच्या १२व्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगवाचक नावे आहेत.

मात्र वर्गात पडदा लावला म्हणजे अध्यापन झाले, असे नव्हे. तयार चित्रफीत दाखवून शिक्षक बाजूला झाले, तर पाठांतराचे केवळ साधन बदलते. माउस विद्यार्थ्याच्या हाती आणि ‘असे का?’ हा प्रश्न शिक्षकांच्या ओठी हवा. म्हणूनच शाळांना संगणक देणाऱ्या दात्यांनी व संस्थाचालकांनी शिक्षक-प्रशिक्षणाचाही भार उचलला पाहिजे. संगणक नसेल, तेथे कागदाचा चौरस कापूनही हा पाठ आजच सुरू करता येईल.