नववीचे प्रयोगाचे तास आणि पडणारा दगड

गेल्या पालक सभेत काही पालकांनी एक सूचना मांडली. नववीच्या वर्गाला शनिवारी विज्ञानाच्या प्रयोगांसाठी जे दोन तास मिळतात ते बंद करून त्या जागी सराव परीक्षा घ्यावी, आणि प्रयोग हवे तर स्मार्ट बोर्डवर दाखवावेत. ही सूचना विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत विचारार्थ येणार आहे. तेथे आम्ही आमचे म्हणणे मांडूच. पण ते या अंकातून आधी पालकांपर्यंत आणि त्याहीपेक्षा नववीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे असे वाटते, कारण तास त्यांचे आहेत.

सगळ्याच प्रयोगांची वकिली येथे करीत नाही. एकच विषय घेतो, मुक्त पतन. म्हणजे हातातून सुटलेली वस्तू केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येणे. पुस्तकात हा विषय थोड्या पानांत आटोपतो. सूत्रे तीन आणि पाठ करायची संख्या एक, ९.८. मुले ती खणखणीत आवाजात सांगतात, एककासकट सांगतात. आता त्याच मुलांना विचारा की गच्चीवरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात किती खाली येईल? भराभर हात वर होतात आणि उत्तर येते, ९.८ मीटर.

बरोबर उत्तर ४.९ मीटर आहे. दगड सुटतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. पहिला सेकंद संपताना तो ९.८ मीटर प्रति सेकंद झालेला असतो. मधल्या काळात वेग एकाच मापाने वाढत गेला, म्हणून सरासरी वेग निम्मा, आणि अंतरही निम्मे. ९.८ हे अंतर नव्हे आणि वेगही नव्हे. दर सेकंदाला वेगात जी भर पडते, ती ही संख्या. नोकरदार पालकांना हे चटकन पटेल : वेग म्हणजे पगार मानला तर त्वरण म्हणजे वार्षिक वाढ. दरवर्षी वाढ सारखीच मिळत असेल तर ते एकसमान त्वरण. वाढीच्या आकड्यालाच कोणी पगार समजू लागला तर घरखर्चाचा हिशेब कसा जमायचा? एककात सेकंद दोनदा का येतो याचे उत्तर यातच आहे. पण 'सेकंद वर्ग' म्हणून पाठ केलेल्या मुलाला तो वर्ग केवळ एक छोटा २ दिसतो.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. वेग, त्वरण, मुक्त पतन हे शब्द हिंदी आणि मराठी पुस्तकांत एकच आहेत ही आपल्या मुलांची मोठी सोय. घोटाळा होतो तो दुसऱ्या जोडीत. हिंदी पुस्तकात 'भार' आणि 'द्रव्यमान', मराठी पुस्तकात 'वजन' आणि 'वस्तुमान', आणि घरी मात्र दोहोंना एकच शब्द, वजन. त्यामुळे जड वस्तू आधी पडते ही समजूत घरातूनच पक्की होऊन येते. आजीही तेच सांगते आणि डोळ्यांनाही तेच दिसते. पान भिरभिरत येते, दगड सरळ येतो. एक वही आणि एक सुटा कागद शेजारी धरून सोडा, वही जिंकते. तोच कागद चुरगळून त्याचा घट्ट बोळा करा आणि पुन्हा सोडा. वजन तेच, पण आता दोघे जवळजवळ एकत्र जमिनीला लागतात. फरक हवेचा होता. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते हे खरेच आहे. पण तिला हलवायलाही तेवढेच जास्त बल लागते. वस्तुमान दुप्पट, ओढ दुप्पट, हलवण्याचे कष्टही दुप्पट. हिशेब मिटतो आणि त्वरण दोघांचे सारखेच राहते.

हे सगळे एका चाळीस मिनिटांच्या तासात फळ्यावर लिहून संपवता येते. पण ज्याने हे प्रथम नीट ओळखले त्या गॅलिलिओला किती काळ लागला ते पाहण्यासारखे आहे. १६०४ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने गृहीत धरले होते. ते चुकीचे होते. वेग अंतराच्या नव्हे, काळाच्या प्रमाणात वाढतो हे त्याने पुढे शोधले आणि ते सविस्तर छापले गेले १६३८ साली. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि स्वतःच्या घरात नजरकैदेत होता. पुस्तक छापले गेले हॉलंडमध्ये. पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट सर्वांना माहीत असते, पण ती त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रातली आहे आणि ती घडली का याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. त्याने स्वतः लिहून ठेवलेला प्रयोग वेगळाच, आणि आमच्या मते अधिक मोलाचा. सुमारे १२ हात लांब लाकडी तुळई, तिच्यात कोरलेली सरळ गुळगुळीत खाच, आणि खाचेतून घरंगळणारा कांस्य धातूचा गोळा. सरळ पडणारी वस्तू डोळ्यांना पकडता येत नाही, म्हणून त्याने पडणेच मंद करून घेतले. घड्याळ नव्हते. भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी साठवायचे, ते तोलायचे आणि त्यावरून वेळ काढायची. शंभर शंभर वेळा करून पाहिले असे तो सांगतो.

ही तुळई आपल्याकडेही होऊ शकते. तीन मीटर लांब, पन्हळीसारखी खाच असलेली पट्टी घ्या, एक टोक १० सेंटिमीटर उचला आणि वरून काचेची गोटी सोडा. (आपली मुले तिला कंचा म्हणतात, म्हणोत.) खाली पोहोचायला तिला साधारण पाच-सहा सेकंद लागतात. आता वरून पाऊण मीटरवर, म्हणजे एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, खूण करा आणि तेथवरची वेळ मोजा. मुले चौथाई वेळेची अपेक्षा करतात. वेळ निम्मी निघते. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर प्रत्येकाने ती पाच वेळा घ्यावी, पाचही वेळा थोडी वेगळी येईल, मग सरासरी काढावी. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात का, हा प्रश्न येथे मुलाच्या तोंडून आपोआप येतो. तो शिक्षकाने विचारला तर त्याची गंमत जाते.

दुसरा प्रयोग कानाने करायचा आहे. सव्वातीन मीटरपेक्षा थोडी लांब सुतळी घ्यावी. एका टोकाला लोखंडी नट बांधावा आणि तेथून २०, ८०, १८० आणि ३२० सेंटिमीटरवर आणखी चार नट बांधावेत. खाली पालथी परात ठेवावी. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सुतळी अशी धरावी की खालचा नट परातीला टेकलेला असेल, आणि मग सोडून द्यावी. नटांमधली अंतरे २०, ६०, १०० आणि १४० आहेत, म्हणजे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात. डोळ्यांना ही बांधणी वेडीवाकडी दिसते. पण परातीवर आवाज येतात ते अगदी समान अंतराने, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याला एक. मग दुसरी सुतळी घ्यावी, तिच्यावर नट सारख्याच अंतरावर, दर ८० सेंटिमीटरला. हिचे ठोके मात्र धावत सुटतात, ठाय लय सोडून एकदम द्रुत. तबला शिकणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. इंदुरात अशी मुले प्रत्येक वर्गात एक-दोन असतातच.

स्मार्ट बोर्डाला आमचा विरोध नाही. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचे पीस एकदम सोडले आणि दोन्ही एकत्र जमिनीला लागले. ते चित्रण मुलांना जरूर दाखवावे, कारण हवा नसलेली जागा आपण वर्गात आणू शकत नाही. पण पडद्यावरचा प्रयोग कधीच फसत नाही. सुतळीची गाठ सरकत नाही, गोटी खाचेतून बाहेर पडत नाही, वेळ चुकीची मोजली जात नाही. फसलेल्या प्रयोगात का फसला हे शोधताना जेवढे शिकणे होते तेवढे यशस्वी चित्रफितीत होत नाही.

गुणांचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पुढे स्पर्धा परीक्षा आहेत, कोचिंगची फी आहे, पालकांची धास्ती आम्हांला दिसते. पण त्या परीक्षांत प्रश्न कसा येतो पाहा : चेंडू सरळ वर फेकला, सर्वांत वरच्या बिंदूवर त्याचे त्वरण किती? घोकलेला मुलगा शून्य लिहितो, कारण तेथे वेग शून्य असतो. त्वरणही तेथे शून्य झाले असते तर चेंडू तसाच वर लटकून राहिला असता. ते तेथेही ९.८ च असते, म्हणून तर तो परत येतो. दहा सराव परीक्षा दिल्या तर हा प्रश्न दहा वेळा चुकेल आणि अकराव्यांदा उत्तर पाठ होईल.

आणि गुणांपलीकडचेही एक आहे. संक्रांतीला आपली मुले गच्चीवर पतंग उडवतात, नजर आकाशात, पाय कठड्यापाशी. सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, पडणाऱ्याला जमिनीवर यायला सव्वा सेकंदही लागत नाही. त्या क्षणी वेग असतो ताशी सुमारे ३९ किलोमीटर. चालत्या स्कूटरवरून थेट भिंतीवर आदळल्यासारखे. 'सांभाळून रे' असे आपण सारे खालून ओरडतो. हा आकडा ज्याने स्वतः काढला आहे त्या मुलाला ओरडावे लागणार नाही असे आमचे म्हणणे नाही, पण तो कठड्याकडे एकदा तरी वळून पाहील.

खर्चाचा मुद्दाही बैठकीत निघेल. पट्टी, सुतळी, नट आणि गोट्या यांचा खर्च एका सराव परीक्षेच्या झेरॉक्सपेक्षा फार होऊ नये. परात शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. सराव परीक्षा हवीच असेल तर ती शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास घेता येईल आणि त्यासाठी थांबायला विज्ञानाचे शिक्षक तयार आहेत, आम्ही त्यांना विचारले आहे.

विश्वस्त मंडळींना एकच विनंती. निर्णय घेण्याआधी एका शनिवारी दुसऱ्या तासाला गॅलरीखाली येऊन उभे राहावे. ज्या पालकांनी सूचना मांडली त्यांनी तर अवश्य यावे. सुतळी वरून सोडण्याचे काम त्यांच्याकडे देऊ, आणि ठोके मोजायला नववीची मुले परातीपाशी असतील.