पान दारात, पाणी घरात

मृग तोंडावर आला की आपली कामं ठरलेली. पापड-कुरडयांचे डबे भरायचे, तिखट-मसाल्याला ऊन दाखवायचं, गाद्या-गोधड्या वाळवायच्या. या यादीतून एक काम मात्र बहुतेक घरांत निसटतं. ते म्हणजे अंगणातल्या पाण्याची नाली आणि फाटकाखालचा पाइप! मग पहिल्याच जोराच्या पावसात सगळा पाचोळा पाइपाच्या तोंडाशी जमतो, पाणी मागं वळतं आणि ओट्याच्या पायऱ्या चढू लागतं. अशा वेळी डोक्यावर पोतं घेऊन काठीनं ढोसत कोण बसतं, हे का सांगायला हवं?

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, माळशेज घाटाच्या वाटेवर मढ आहे. तिथं ज्यांचं सासर किंवा माहेर आहे, त्यांना पावसाची ओळख करून द्यायला नको. आळेफाट्याकडे जावं तसा पाऊस विरळ होत जातो. मढकडचा मात्र घाटमाथ्याचा, दिवसदिवस न थांबणारा. पूर्वी मातीच्या अंगणात थोडं तरी पाणी जिरत असे. आता गावात काय नि शहरात काय, अंगणाला कोबा आला, दाराशी गाडी आली, तिच्यासाठी फाटकात उतार झाला. सगळं पाणी एका चार इंची पाइपातून जावं, अशी आपली अपेक्षा! वीस फूट बाय तीस फुटांच्या अंगणावर एक इंच पाऊस पडला, तर साधारण १,४०० लिटर पाणी होतं. म्हणजे दोनशे लिटरची सात पिंपं. आणि ते अडवायला बदामाची दोन-चार रुंद पानं पुरतात.

‘पाइपाला जाळी बसवली आहे की!’ असं तुम्ही म्हणाल. पण सपाट जाळीवर आंब्याची, फणसाची पानं झाकणासारखी चिकटून बसतात. जाळी फार बारीक असली, तर चिंचेचा आणि गुलमोहराचा बारीक पाला तिच्यात लिंपल्यासारखा बसतो. म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा : पान पाइपाशी अडवू नका. आपला हात सहज पोचेल, अशा जागी त्याच्या आधीच अडवा.

त्यासाठी फाटकाच्या आत, घराच्या पायापासून दूर, दीड फूट लांब-रुंद हौदी करून घ्यावी. पाइपाचं तोंड तिच्या तळापासून वीतभर वर ठेवावं, म्हणजे माती आणि कुजका पाला खाली बसेल. तळ सिमेंटनं बंद न करता खडी घालावी. उघडीप पडली की पाणी जिरून जाईल. जिरलं नाही, तर मगानं उपसून टाकावं. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे काम आठवड्यातून एकदा तरी झालंच पाहिजे. पाइपाच्या तोंडापुढं बोटभर रुंद भोकांची जाळी तिरपी उभी करावी. पानं खाली घसरतात, वरून पाण्याला वाट राहते. हौदी करणं जमत नसेल आणि पाइपाचं तोंड जमिनीत असेल, तर जुनी तारेची टोपली त्यावर पालथी घालून वर दगड ठेवावा. नालीला दर दहा फुटांना सव्वा ते दीड इंच उतार हवा.

सुरुवात मात्र वरून करावी. वळवाच्या आधी पन्हळीतला पाला काढून घ्यावा. पत्रा ओला असताना कुणालाही वर चढू देऊ नये. पाइप तुंबलाच, तर कामटी वरून आत खुपसू नका, त्यानं बोळा घट्ट होतो. पाणी जिथं बाहेर पडतं, त्या तोंडाकडून कामटी घालून तो सैल करा.

आणखी एक सांगते, ते मनावर घ्या. साचलेल्या पाचोळ्यात उघडा हात कधी घालू नका. घोणस, फुरसं, विंचू यांना तीच जागा आवडते. आधी काठीनं हलवावं, मग फावड्यानं किंवा पंज्यानं ओढावं. सापाचा दंश झालाच, तर झाडपाला, मंत्र-तंत्र यांत वेळ न घालवता तडक सरकारी रुग्णालय गाठावं.

काढलेला पाला शेजारणीच्या भिंतीपलीकडे किंवा गल्लीच्या गटारात लोटला, की खालच्या घरात पाणी शिरतं आणि वर्षभराचा अबोला पदरात पडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी कुठल्याच गटाराला पेललं नसतं. पण प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या नाल्यांनी त्यात भरच घातली. पाला तरी कुजतो, पिशवी कुजत नाही. तेव्हा नालीतली पिशवी पहिल्यांदा उचला.

पाला जाळूही नका. मढच्या बाजूला भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायची जुनी रीत आहे. तिथं पानाला कुणी कचरा म्हटलेलं नाही. आपण परसात एका कोपऱ्यात विटा रचून त्यात पाला दाबावा, अधूनमधून शेणाचा काला किंवा आंबट ताक शिंपडावं आणि ओल राखावी. पाच-सहा महिन्यांत कुंड्यांपुरतं काळं खत तयार होतं.

आणि हो, हे काम एकट्या बाईचं नाही. हौदीचा पाला मुलांकडे, पन्हळ घरच्या पुरुषांकडे, अशी वाटणी आताच करून टाका. पाणी दारात आल्यावर वाटणी करत बसायला कुणाला सवड असते?