चुकते कोण – बोट की बटण?

बँकेच्या एटीएमपुढे एखादी वयस्क बाई गोंधळली की रांगेतून हमखास शेरा येतो, 'येत नाही तर येतात कशाला?' ऑनलाइन अर्जात रकाना चुकला की सेतू केंद्रातला ऑपरेटर कपाळाला हात लावतो. मशीन बरोबर आणि माणूस अडाणी, हे आधीच ठरलेले असते. आम्ही पेशाने वकील. आरोप कोणावर आणि तो सिद्ध करण्याचा भार कोणावर, हा आमचा रोजचा विषय. म्हणून विचारतो, या खटल्यात यंत्राची उलटतपासणी कधी कोणी घेतली काय?

एकदा घेतली गेली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि मग धावपट्टीवरच पोटावर आपटत, कारण वैमानिकाने चाके आत घेण्याची कळ दाबलेली असे. शेरा ठरलेला : वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले तेव्हा दिसले की चाकांची कळ आणि पंखांच्या फ्लॅपची कळ जवळजवळ, आणि हाताला सारख्याच लागतात. एकीला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसरीला पाचरीच्या आकाराची, आणि ही चूक थांबली. वैमानिक तेच, विमानही तेच!

एटीएमचेही तसेच. पूर्वी अनेक यंत्रे आधी नोटा देत, मग कार्ड. माणूस आलेला नोटांसाठी. त्या हाती पडल्या की त्याचे काम संपले, कार्ड आतच राही. ठपका विसरभोळ्या ग्राहकावर. क्रम उलटा केला तेव्हा विसरणे कमी झाले. चार बर्नरच्या शेगडीत बर्नर चौकोनात आणि कळा एका ओळीत असतात. रोज स्वयंपाक करणारीलाही क्षणभर थांबून पाहावे लागते.

उत्तम रचना आपल्याला नवीन नाही. 1951 साली देशात साक्षर माणसे जेमतेम 18 टक्के. पण बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे 1928 सालीच प्रौढ मताधिकार मागितला होता, आणि घटनेच्या कलम 326 ने मताला शिक्षणाची अट ठेवली नाही. मतदार वाचू शकत नाही, ही सबब सरकारला उरलीच नाही. यंत्रणेलाच मतदारापर्यंत यावे लागले. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतपत्रिकेवर काही लिहायचे नाही, खूण करायची नाही, हव्या त्या पेटीत टाकायची. आजच्या मतदान यंत्राची पाटीही त्याच वळणाची आहे. एका ओळीत एकच उमेदवार, त्याचे नाव, चिन्ह आणि समोर एकच निळे बटण. दाबले की लाल दिवा लागतो, लांब बीप वाजते, चिठ्ठी सात सेकंद दिसते. अंधांसाठी ब्रेल आकडे आहेत. यंत्राच्या पोटात काय चालते याविषयी चळवळीतील अनेकांच्या शंका आहेत. तो वाद वेगळा, त्याला वेगळा लेख हवा. येथे बोलतो आहोत ते पाटीविषयी.

तिकडे सुशिक्षित अमेरिकेत 2000 साली फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात मतपत्रिका दोन पानी होती, नावे दोन्हीकडे आणि छिद्रे मधोमध. गोअर यांचे नाव डावीकडे दुसरे, पण त्यांचे छिद्र तिसरे! दुसरे छिद्र ब्युकॅनन यांचे. राज्याचा निकाल लागला 537 मतांनी. तेथेही मतदारांनाच हसले गेले.

आता जेथे कलम 326 सारखा धाक नव्हता, तेथे आपल्याकडे काय झाले? मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला लसीसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. पोर्टल इंग्रजीत, आणि स्लॉट उघडले की क्षणात संपत. शहरातली मंडळी गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर लस टोचून आली. त्या गावचा शेतमजूर पाहत राहिला. लस सर्वांची होती, पण तिचे दार इंग्रजी वाचणाऱ्या वेगवान बोटांपुरतेच उघडे होते. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे 2021 च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले, आणि मराठीसह भारतीय भाषा जूनमध्ये पोर्टलवर आल्या. म्हणजे हे अशक्य नव्हते. आधी कोणाला सुचले नव्हते, एवढेच.

बँक खात्याच्या ई-केवायसीत 'डोळे मिचकावा' असा हुकूम असतो. ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या स्त्रीने काय मिचकावावे? हा प्रश्न न्यायालयात गेला. 30 एप्रिल 2025 रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा गाठता येणे हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि 20 निर्देश दिले. ॲप तयार होताना दिव्यांगांकडूनही ते तपासून घ्या, हा त्यातलाच एक. आमच्या मते सिद्ध करण्याचा भार येथे प्रथमच यंत्र बनवणाऱ्याच्या बाजूला सरकला.

पण रेशन दुकानात ज्याच्या बोटांच्या रेषा कामाने झिजल्या आहेत, त्याला अजूनही 'बोट नीट ठेव' असेच ऐकावे लागते. म्हणून राज्य सरकारकडे आमची मागणी आहे की, शिष्यवृत्ती, रेशन, पेन्शन, कोणतेही पोर्टल वा यंत्र घेताना टेंडरमध्येच चाचणीची अट घाला. ही चाचणी मंत्रालयाच्या संगणक कक्षात नको. वीटभट्टीवरचा मजूर, अंध विद्यार्थी, फक्त मराठी वाचणारी आजी यांच्या हातात ते द्यावे. शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याने तोंडातून एक शब्द काढू नये. बोट कोठे अडते तेवढे लिहून घ्यावे, आणि ती यादी संपेपर्यंत ठेकेदाराचे बिल थांबवावे.