दोष प्रशिक्षकाचा कीं धन्याचा ?

फुटबॉलच्या धंदेवाईक संघांत एक विचित्र रूढि पडली आहे. चार सामने हरले कीं प्रशिक्षकास अर्धचंद्र मिळतो. नवा येतो, कांहीं दिवस त्याचा जयजयकार होतो, आणि पुन्हां तोच प्रकार. आमचे विद्यार्थी या बातम्या मोठ्या आवडीनें वाचतात व गेलेल्या प्रशिक्षकास नांवें ठेवितात. आमचें मत निराळें आहे. एक नोकर नालायक निघाला, तर दोष नोकराचा असूं शकेल. परंतु ओळीनें पांच नालायक निघाले, तर दोष निवडणाऱ्या धन्याचा समजला पाहिजे.

इंग्लंडांतील मँचेस्टर युनायटेड या संघाचेंच पाहा. ॲलेक्स फर्ग्युसन तेथें १९८६ च्या नोव्हेंबरांत आले. पहिला चषक हातीं लागण्यास १९९० साल उजाडलें. तोंवर चालकांनीं धीर धरिला. त्याचें फळ असें कीं, २०१३ सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांनीं संघास तेरा वेळां देशाचें अजिंक्यपद मिळवून दिलें. पुढें मात्र तो धीर राहिला नाहीं. मॉइस यांच्याशीं सहा वर्षांचा करार झाला होता; त्यांस एक हंगामही पुरा करूं दिला नाहीं. त्यांच्यामागून व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शेअर व टेन हाग यांचीही तीच गत झाली. टेन हाग यांचा करार २०२४ च्या जुलैंत वाढविला आणि ऑक्टोबरांत त्यांस काढून टाकिलें ! जो जुलैंत योग्य होता तो तीन महिन्यांत अयोग्य ठरला, तर चूक कोणाची ? शिवाय प्रत्येक प्रशिक्षक आपल्या पद्धतीस जुळणारे खेळाडू मागतो. पुढच्यास ते जुळत नाहींत. पैसा व काळ दोन्ही वायां जातात.

खेळाडूही निर्दोष नाहींत. लेस्टरच्या संघास २०१६ सालीं अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या रानिएरी यांस नऊ महिन्यांतच, २०१७ च्या फेब्रुवारींत, निरोप देण्यांत आला. आणि लागलीच तोच संघ सामने जिंकूं लागला. यावरून प्रशिक्षक बदलणें हितावह, असें कोणी म्हणेल. आम्ही विचारतों, तेच पाय महिन्यापूर्वीं कोठें गेले होते ?

लूककृत शुभवर्तमानांत अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षें फळ नाहीं, म्हणून धनी तें तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. परंतु तो नुसती मुदत मागत नाहीं. भोंवतीं खणण्याचें व खत घालण्याचें काम आपल्या अंगावर घेतो. त्यानंतरही फळ न आल्यास झाड तोडावें, हेंही तो कबूल करितो. अयोग्य मनुष्यास जन्मभर पोसावें, असें आमचेंही म्हणणें नाहीं. मात्र कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं आपण खत घातलें काय, हें धन्यानें स्वतःस विचारावें.

हाच न्याय घरासही लागू आहे. सहामाहींत गुण कमी पडतांच शिकवणीचे मास्तर बदलणारे पालक आम्ही पाहतों. मुलगा घरीं पुस्तक उघडतो काय, त्यास अभ्यासास निवांत कोपरा मिळतो काय, हें त्यांनीं आधीं पाहावें. आणि विद्यार्थ्यांनो, सामना हरल्यास शिकविणाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं, आपण रोज सरावास वेळेवर गेलों होतों काय, याचा प्रामाणिकपणें विचार करा.