एस.टी.चा चालक आणि हृदयविकाराचा झटका

दि. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी आपल्या नगरहून पुण्यास निघाली. हा मान मिळालेल्या जिल्ह्याने आणखी एक पायंडा पाडावा, असे मला वाटते. प्रत्येक चालकास हृदयविकाराचा झटका ओळखता यावा व मदत येईपर्यंत रुग्णास सांभाळता यावे.

वाहकास बॅजसाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. परंतु गाडी कोठे थांबवायची, हे चालकच ठरवतो. विनावाहक गाडीत किंवा काळ्या-पिवळ्या जीपमध्ये तर तो एकटाच असतो. शिवाय झटका चालकालाही येऊ शकतो. जानेवारी २०२२ मध्ये मोराची चिंचोलीहून परतणाऱ्या मिनीबसच्या चालकास फीट आली, तेव्हा एका प्रवासी भगिनीने गाडी चालवून त्यास रुग्णालयात नेले. पण प्रत्येक गाडीत अशी भगिनी असेलच असे नाही.

माझ्याकडे येणारे कित्येक रुग्ण छातीतील दुखण्याला ‘गॅस’ म्हणतात. छातीवर दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप लागणे ही लक्षणे दिसताच गाडी बाजूला घ्यावी. चालकास स्वतःला तसे वाटले तरी ‘पुढच्या स्टँडपर्यंत जाऊ’ म्हणू नये. रुग्णास बसवावे, चालवू नये, १०८ ला फोन करावा. शुद्धीवर असल्यास व अ‍ॅलर्जी वा रक्तस्रावाचा त्रास नसल्यास ३०० मि.ग्रॅ. अ‍ॅस्पिरिन चावून खाण्यास द्यावी.

रुग्ण बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल, तर हृदय थांबले असे समजावे. त्यास कठीण जागी उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. दमल्यास दुसऱ्याने हात लावावा. रक्तपुरवठ्यावाचून मेंदूस चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. करंजी घाटात तेवढ्या वेळात डॉक्टर कोठून येणार?

हे वाचून येत नाही, हाताने करूनच येते. प्रत्येक आगारात वर्षातून अर्धा दिवस, पुतळ्यावर सराव करून घेतला तरी पुरे. जिल्ह्यातील डॉक्टर मंडळींनी आपला वेळ विनामूल्य द्यावा. मी स्वतः येण्यास तयार आहे. गाडीचे ब्रेक आपण नियमाने तपासतो. आतल्या माणसासाठी अर्धा दिवस जास्त नाही.