बाजारातलं वर्कशॉप राहणार की जाणार?

२८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं उद्‌घाटन झालं. चिंतामणीच्या गावात रेल्वे आली म्हटल्यावर बाजारातल्या जागेला भाव येणारच. अशा वेळी पहिलं बोट दाखवलं जातं ते वेल्डिंगच्या छोट्या वर्कशॉपकडे. 'हे इथं कशाला?'

प्रश्न चुकीचा नाही. आवाज, ठिणग्या यांचा शेजाऱ्यांना त्रास होतोच. पण शेतकऱ्याचा डवरा, वखर तिथंच दुरुस्त होतो आणि आयटीआय झालेला पोरगा हाताचं काम तिथंच शिकतो. मग ठरवायचं कसं?

आरडाओरडा करून नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत व्यापारी भागातही छोट्या सेवा उद्योगांना जागा आहे. बघायचं ते एवढंच : उद्योग कोणता, हॉर्सपॉवर किती, कामगार किती, जागा किती.

कुठला भाग व्यापारी, कुठला रहिवासी, हे विकास आराखडा ठरवतो. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. तुमच्या गावाची सूचना निघाली की नकाशावर आपली गल्ली शोधा आणि लेखी अर्ज द्या. वर्कशॉपच्या बाजूनं की विरोधात, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एकतिसाव्या दिवशी कट्ट्यावर बसून बोललात, तर त्याची नोंद कुठेच होत नाही.