बाळ सांभाळणाऱ्या बाईचा हिशेब

हल्ली तालुक्याच्या गावातूनही कुणी ना कुणी लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन येतं. आजी परतायची वेळ आली, की तिकडे बाळ सांभाळायला नॅनी शोधायची धावपळ सुरू होते. मग इकडे आल्यावर आजी नवलाने सांगते, ''अगं, तिकडे बाई ठेवली तर सरकारकडे कर भरावा लागतो!'' ऐकणाऱ्या हसतात. घरातल्या बाईचा कसला आलाय कर?

पण मैत्रिणींनो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिथला कायदा म्हणतो, की नॅनी ठेवणारं कुटुंब हे मालक आणि नॅनी ही कामगार. 2025 साली एका नॅनीला वर्षभरात 2,800 डॉलर किंवा जास्त पगार दिला, तर पगाराच्या 7.65 टक्के कुटुंबाने आणि तितकेच नॅनीने केंद्र सरकारकडे भरायचे होते. त्यातून तिच्या म्हातारपणीच्या पेन्शनची आणि औषधपाण्याची सोय होते.

शिवाय राज्याचा हिशेब वेगळाच. कॅलिफोर्नियात तीन महिन्यांत 750 डॉलर पगार झाला, की राज्याकडे मालक म्हणून नोंदणी करायची आणि नॅनीच्या पगारातून आजारपणाच्या विम्याची रक्कम भरायची. 1,000 डॉलर झाले, की बेकारी विम्याचा कर कुटुंबाने पदरचा भरायचा. न्यूयॉर्कमध्ये बेकारी विम्यासाठी 500 डॉलरलाच ही वेळ येते. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण बेकारी विमा तिथेही सुटत नाही.

मोठमोठ्यांनाही हे भोवलं आहे. 1993 साली अध्यक्ष क्लिंटन यांनी झोई बेअर्ड या वकीलबाईंना अॅटर्नी जनरल करायचं ठरवलं होतं. पण त्यांनी घरी ठेवलेल्या परदेशी जोडप्याकडे कामाचा परवाना नव्हता आणि त्यांचा करही वेळेवर भरलेला नव्हता. एवढं मोठं पद, पण बाईंना माघार घ्यावी लागली.

तरीही पुष्कळ घरांत रोख पैसे देऊन मोकळं होतात. कधी नॅनीच म्हणते, ''कापू नका, हातात द्या.'' दोघींनाही आज बरं वाटतं. पण मूल शाळेत जायला लागलं, की तिचं काम सुटतं. तेव्हा बेकारी भत्ता मागायला गेली, तर तिच्या नावावर कामाची नोंदच नाही! चार वर्षं दुसऱ्याचं लेकरू वाढवलं, पण कागदावर ती रिकामीच बसलेली. म्हणून वाटतं, लेकी-सुनांना ''रोखीनं भागव'' असा सल्ला आपण देऊ नये. खर्च जड जातो हे खरं. पण नॅनी ठरवतानाच कर धरून हिशेब मांडावा.

आणि आपल्याकडे? इथे घरकामाच्या बाईसाठी असा कर नाही. पण महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी ती कुणाकडे काम करते याचा दाखला लागतो. वस्तीत काम करताना मी बघते, बायका अर्ज घेऊन येतात आणि घोडं अडतं ते या दाखल्यापाशी. ''उद्या काही अंगाशी आलं तर?'' म्हणून ताई सही करत नाहीत. ज्या बाईच्या भरवशावर आपण घर आणि तान्हं बाळ सोपवून निघतो, तिच्यासाठी एका सहीचा भरवसा आपल्याला नसावा?

अमेरिकेतल्या कायद्यासारखा कायदा इथे होईल तेव्हा होईल. तोवर एवढं तरी करू या. पगाराची तारीख आणि रक्कम वहीत लिहू या, आजारपणाचा खाडा कापायचा नाही असं ठरवू या. आणि बाई दाखला मागायला आली, की पेन हातात घेऊ या.